नारळपाण्यावरचं खमीर

हरिदास गमरेने आयुष्यात बिअरचा थेंब जिभेला लावला नाही, आणि तरी बिअरवरच्या फेसाची पारख त्याच्याइतकी दुसऱ्या कुणाकडे मी पाहिली नाही. हे सांगितलं की लोक हसतात आणि विचारतात, मुख्तारभाई, हे कसं जमतं? जमतं. सोनार काय सगळे दागिने अंगावर घालून बघतो?

तो, मी आणि नजीब एकाच गावचे, दाभोळच्या खाडीकाठचे. नजीबचं आणि माझं घर मोहल्ल्यात, हरिदासचं टेकाडापलीकडे बौद्धवाडीत. गावात आमचं त्याच्याशी बोलणं म्हणजे शाळेत होईल तेवढंच. बहरीनला आल्यावर मात्र आम्ही गुदैबियात एकाच इमारतीत राहिलो. नजीबचं आणि हरिदासचं दार समोरासमोर, मी वरच्या मजल्यावर. नजीब विजेच्या सामानाच्या दुकानात सेल्समन, मी शिपिंगच्या ऑफिसात क्लार्क, आणि हरिदास पावाच्या एका कारखान्यात लॅब टेक्निशियन. त्याची बायको सुमनबाई ऑपरेशनला हॉस्पिटलात होती तेव्हा नजीबच्या बायकोने, नूरबानोने, त्यांच्या लहानग्या श्रावस्तीला आपल्याकडे ठेवून घेतलं, तिच्या वेण्या घातल्या, तिला शाळेच्या बसपर्यंत सोडलं. तेव्हापासून त्या दोन दारांना दिवसा कधी कडी नसायची.

हरिदास गंभीर माणूस होता. मी त्याची चेष्टा करायचो, तोही ऐकून घ्यायचा, पण हसायचा बेताने. शुक्रवारी सुट्टी, त्या दिवशी आसपासची बौद्ध कुटुंबं त्याच्या घरी जमायची. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली उदबत्ती, आणि हरिदास सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घ्यायचा. त्यातलं पाचवं शील म्हणजे नशा करणार नाही. ते म्हणताना त्याचा आवाज थोडा खाली जायचा. त्याचा बाप माडीच्या पायी गेला, हे आम्हा गावच्या माणसांना ठाऊक होतं. भर दुपारी वाटेत पडलेल्या त्या माणसाला ओलांडून आम्ही शाळेत गेलेलो होतो.

कारखान्याचा मुख्य केमिस्ट ब्रायन नावाचा इंग्रज होता. त्याला घरी बिअर बनवायचा नाद. यीस्टच्या नळ्या तो तिकडून येणाऱ्या मित्रांकडून मागवायचा आणि नवी नळी येईपर्यंत खोळंबून बसायचा. त्याला असा वाण हवा होता, की ज्याचा फेस वरून काढून ठेवला तर पुढच्या खेपेला चालेल, आणि त्या खेपेचा त्यापुढच्या. आपल्या विरजणाचं जसं असतं तसं. चार वाण त्याच्याकडे होते. त्यांतला कोणता धरावा हे ठरवायला त्याने हरिदासला मदत मागितली.

हरिदासने आधी दोन दिवस मागून घेतले. मग जाऊन सांगितलं, "मी चाखणार नाही. बाटलीला हात लावणार नाही. फेस बघेन, हुंगेन, काढेन."

ब्रायन म्हणाला, "चाखायला मी आहे की."

आणि पुढच्याच शुक्रवारी या बाबाने सगळ्या मंडळींसमोर उभं राहून ते सांगून टाकलं. वर म्हणाला, हे ज्यांना पटत नसेल त्यांनी दुसऱ्या कुणाकडून शील घ्यावं. मी त्याला म्हटलं, अरे, तुला विचारलं होतं कुणी? तो म्हणाला, "विचारायची वेळ लोकांवर कशाला आणायची?" काही शुक्रवार तो खरोखरच मागे चटईच्या कडेला बसला, दुसरा कुणीतरी अडखळत म्हणायचा. मग लोकांनीच त्याला पुन्हा पुढे बोलावलं.

ते फेसाचं प्रकरण त्याने मी न विचारता मला समजावून सांगितलं आहे. पहिला वाण सगळं काम करून तळाशी जाऊन बसायचा, बिअर स्वच्छ, पण वरून काढायला काही नाही. दुसऱ्याचा फेस उसळून बादलीबाहेर यायचा, आणि चमचा घेऊन जावं तर खाली बसलेला. चौथ्याला लवंगेचा वास मारायचा. तिसरा मात्र वर यायचा आणि वरच राहायचा, दुधावरच्या जाड सायीसारखा. त्याचा पहिला फेस तपकिरी आणि कडवट, तो टाकायचा. त्यानंतर पांढरा, दाट येतो, तो उकळत्या पाण्यातून काढलेल्या चमच्याने अलगद उचलायचा. आणि एकदा चांगला निघाला म्हणून भुलायचं नाही, कारण चारसहा खेपांनंतर त्याचा स्वभाव बदलू शकतो.

"वाण एकदा निवडला की झालं असं नसतं, मुख्तार," तो म्हणायचा. "प्रत्येक खेपेला नव्याने निवडायला लागतो."

मी जांभई द्यायचो. फेसावर इतकं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नव्हता.

शहाण्णवच्या हिवाळ्यात नजीबने आपल्या आईला, खदिजाचाचीला, विझिट व्हिसावर आणलं. तिच्या पोटात गाठ होती. डॉक्टरांनी नजीबला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता जे मागेल ते खायला घाला. पण चाची काही मागेचना. ताठ बाई होती. मोहल्ल्यात तिचा शब्द चालायचा, आणि तिच्या चुलीवरचं तिला न विचारता कुणी उतरवायचं नाही. आता ती पलंगावर भिंतीला टेकून तसबीहचे मणी ओढत बसायची, आणि ताट जसं जाई तसं परत येई.

ती आली त्या दिवशी हरिदास भेटायला गेला. तिने डोळे बारीक करून विचारलं, "कोनाचा तू?"

"तानूबायचा."

"मोळीवाल्या तानूबायचा?"

"हो चाची."

तिने परत तसबीह ओढायला घेतली. खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. हरिदास दाराजवळ जमिनीवर बसला. लॅबमध्ये पांढरा कोट घालणारा, इंग्रजाशी बरोबरीने बोलणारा माणूस, आणि त्याचे गुडघे आपोआप वाकले. मला संताप आला, पण नक्की कुणाचा ते तेव्हा कळलं नाही.

मग एके दिवशी चाचीने मागितलं. सांदण. तांदळाचं, नारळाच्या दुधातलं, वाफवलेलं, गोडसर आणि जाळीदार, आमच्या घरांत आनंदाच्या दिवशी होतं ते. नूरबानोला कोण हर्ष झाला! तिने डब्यातलं कोरडं यीस्ट घालून पीठ फुगवलं. चाचीने एक घास घेतला आणि ताट सरकवलं. "ह्यो पाव हाय."

नूरबानो हरिदासच्या स्वयंपाकघरात येऊन रडली. "गावाला आमी माडीनं फुगवतो, हरिदासभाय. हितं माडी कुठनं आणू मी?"

आता इथे जे झालं ते आमच्या गावच्या माणसांतच होऊ शकतं. आमच्याकडे भंडारी भल्या पहाटे माडावरून ताजी माडी उतरवून देतो, तिला चढ आलेला नसतो. ती पिठात घालतात. आमच्या घरांत तिला कुणी दारू म्हणत नाही, ती खोबऱ्या-गुळासारखी स्वयंपाकाची वस्तू. आणि हरिदासच्या घरात माडी म्हणजे बाप जिच्यापायी मेला ती. त्याला वाटलं, ज्यांना माडी चालते त्यांना बिअरचा फेस चालेलच, नशा दोन्हीत तीच. त्याने तीन नंबरचा पांढरा फेस उकळून गार केलेल्या पाण्यात धुतला, स्टीलच्या डब्यात भरून आणला आणि म्हणाला, "घ्या भाभी, हे माडीसारखंच आहे. माझ्या कामावरचं." नूरबानोला वाटलं, पावाच्या कारखान्याचं खमीर. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, आणि दोघांच्याही मनात काही काळंबेरं नव्हतं.

सांदण असं फुललं की झाकण वर उचललं गेलं. चाचीने खाल्लं. दुसरं मागितलं. कित्येक आठवड्यांनी त्या घरात ताट रिकामं परत आलं. नजीब माझ्याकडे वर येऊन खुर्चीत बसला आणि डोळे पुसून खाली गेला. पुढे रोज सकाळी सांदण व्हायचं. चाचीच्या तोंडावर जरा तेज आलं, ती लाईबाला, म्हणजे नातीला, कुराणातली आयत शिकवायला लागली. लाईबा इंग्रजीत उत्तर द्यायची आणि चाची तिला मराठीत झापायची.

एका दुपारी नूरबानोने सहज विचारलं, "हरिदासभाय, तुमाला रोज कशाला तरास? हे वाढवायचं कशावर, मना दाखवा."

"कशावर म्हणजे? ब्रायनसाहेबांच्या बिअरवर," हरिदास म्हणाला.

नूरबानोने गॅस बंद केला आणि खाली बसली.

संध्याकाळी आम्ही चौघं जिन्यात उभे. नूरबानो कठड्याला टेकून होती. हरिदासचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पण माडी चालते ना तुम्हाला?" आणि नजीब दात आवळून सांगत होता की माडी वेगळी आणि बिअर वेगळी, हे गावातल्या शेंबड्या पोराला कळतं.

"आता झालं ते झालं. खलास," नजीब म्हणाला. "अम्मीला नकळत खाल्ल्याचा गुन्हा लागत नाही. उद्यापास्नं सांदण बंद. पण तिला काय सांगायचं नाय."

"ती मागेल तेव्हा?" हरिदासने विचारलं.

"सांगू, तांदूळ संपले."

"म्हणजे खोटं."

"मग काय करू? तिला कळलं तर ती ह्या घरात पाणी पन पिणार नाय. मरेल ती, हरिदास!"

मी नजीबच्या बाजूने होतो, आणि मला आज कुणी अडवून विचारलं तरी मी तेच म्हणेन. मरणाच्या दारात बसलेल्या बाईच्या मनात हा किडा सोडून कुणाचं भलं होणार होतं? शिवाय मला दिसत होतं, की हरिदासने तोंड उघडलं तर ती दोन उघडी दारं कायमची लागतील. नूरबानोच्या हाती वाढलेली श्रावस्ती या जिन्यात परकी होईल.

हरिदासलाही ते दिसत होतं. तो म्हणाला, "माझ्या पाण्यात कुणी दारू घातली आणि माझ्याच भल्यासाठी लपवलं, तर मी त्याला माफ करणार नाही, नजीब. ते तिच्या तोंडात मी घातलंय. सांगणार मीच." आणि तो आत गेला. नजीबने त्याचा दंड धरला, मग सोडला.

चाची मगरीबची नमाज बसून पढली होती. हरिदास पुन्हा जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. बिअर, फेस, साहेब, माडीचा गैरसमज, काही गाळलं नाही. आम्ही दारात. चाचीने तसबीह खाली ठेवली, दोन्ही हात तोंडावरून फिरवले आणि बराच वेळ ओठांतल्या ओठांत तोबा करत राहिली.

मग विचारलं, "तू पितस?"

"नाय चाची. कधीच नाय."

"ह्यांना ठाव व्हतं?" तिने आमच्याकडे हात केला.

"आज कळलं."

"आनि हे सांगू नको म्हनत व्हते."

जिन्यातलं बोलणं तिला आत ऐकू गेलं होतं. नजीबने मान खाली घातली.

"तुजी आय," चाची म्हणाली, "पोर्णिमेची खीर घेऊन आलती एकदा. तांब्यात. तू व्हतास तिच्यासंगती. ठाव हाय तुना?"

"ठाव हाय."

"ती खीर मी कोंबड्यांना घातली."

"मी बघितलं होतं, चाची."

चाचीने डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "सांदान मना पाहिजे. पन आता खाईन तर ह्याच्या हातचं. खमीर ह्यो करील, पीठ ह्यो भिजवील. बाकी कुनाचा भरवसा नाय मना." मग जरा थांबून, "आनि तिथं नको बसू. खुर्चीवर बस."

हरिदास उठून खुर्चीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मीही रडलो, सांगायला लाज कसली. आमच्या गावात त्याच्या आईने मोळी अंगणात टाकायची आणि ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यायचं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. आम्हाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

ब्रायनला कळलं तेव्हा त्याने सुचवलं, तीन नंबर साखरेच्या पाण्यावर वाढवून दे, बिअरचा अंश उरणार नाही. हरिदास म्हणाला, मूळ तेच राहील. त्याने ब्रायनचं फेसाचं कामही सोडलं. आपण निरुपद्रवी समजत होतो ती गोष्ट कुणाच्या तोंडात जाईल सांगता येत नाही, एवढंच कारण त्याने दिलं. ब्रायन काही दिवस फुगून बसला, मग त्याचा तो फेस काढायला लागला.

आणि हरिदासने शून्यातून सुरुवात केली. केरळच्या माणसाच्या दुकानातून नारळ आणले, नव्या बरण्या आणल्या, कारखान्याचं एक भांडं त्यात येऊ दिलं नाही. नारळाचं पाणी, थोडी साखर, तांदळाचं धुवण, वर मलमलचा कपडा. हवेतून आणि तांदळातून जे येईल ते. पण काय येईल ते आपल्या हातात नसतं. एका बरणीवर काळी बुरशी धरली. एकीला सडका वास आला. एक फसफसली आणि सगळं तळाशी घेऊन बसली. एकीचा फेस वर आला, पण सुमनबाई चमचा आणेपर्यंत विरला. तो सगळं ओतून टाकायचा आणि पुन्हा मांडायचा. नजीबच्या आधी तोच विचारायला जायचा, चाची, आज कसं वाटतं? ती विचारायची, "आलं?" तो सांगायचा, "अजून नाय." खोटा धीर त्याने एकदाही दिला नाही. ती खजूर आणि दूध घ्यायची, तेही रोज कमी.

अखेर एका बरणीवर पांढरी टोपी चढली आणि टिकली. पिकत्या केळ्याचा वास. पहिला मळकट फेस त्याने टाकला, मागचा पांढरा उचलून नव्या नारळपाण्यावर सोडला. त्यावरून पुन्हा उचलला. दोन खेपांत फेस जरा सैल आला. नजीब म्हणाला, पुरे, कर आता सांदण, वेळ कुठे आहे? हरिदास म्हणाला, फसलं तर तिला परत पावाचा घास लागेल. त्या वेळी मी त्याच्यावर ओरडलो. तो एवढंच म्हणाला, "अर्धं कच्चं तिला देऊ?" पुढच्या खेपेला फेस सायीसारखा बसला. त्याने वाटीत थोडा घेऊन चाचीला दाखवला. तिने हुंगला, बोट लावलं, आणि म्हणाली, "हां. ह्यो आमच्या अम्माच्या हांडीचा वास."

त्या रात्री त्याने पीठ भिजवलं. पहाटे, फजरच्या नमाजाच्या सुमाराला चाची गेली.

दफन करून आम्ही दुपारी परतलो. गमीच्या घरात चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात. हरिदास जिन्यात उभा होता, पांढऱ्या कपड्यांत. नजीबने त्याला विचारलं, "पीठ आलं होतं?"

"भांड्याबाहेर आलंय. टाकून देतो."

"वाफव," नजीब म्हणाला.

सांदण दुःखात करत नाहीत. हरिदासच्या घरून थाळ्या आल्या तेव्हा जमातीतल्या एका वयस्कर माणसाने भुवया वर केल्या. गमीत सांदण? आणि कुणाच्या घरचं? नजीब म्हणाला, "अम्मीनं मागितलं होतं. ह्याच्याच हातचं मागितलं होतं." त्याने स्वतः पहिला तुकडा मोडून हरिदासच्या हातावर ठेवला, मग आपण घेतला. नूरबानो आत बायकांत बसली होती, तिने थाळी आत मागवून घेतली. थाळ्या रिकाम्या झाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात हरिदास आणि मी एकाच वेळी लीव्हवर गावी गेलो. मी त्याच्याबरोबर टेकाडापलीकडे गेलो, जन्मात पहिल्यांदा. त्याची आई तानूबाई थकली होती, पण कान शाबूत. हरिदासने तिला ते फेसाचं, चाचीचं, सांदणाचं सगळं सांगितलं. ती पायरीवर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"मग खाल्लं तिनं?" तिने विचारलं.

मला वाटलं, आता तरी हा हो म्हणेल. एवढ्या म्हातारीला एक हो द्यायला काय जातं? पण तो म्हणाला, "नाय आये. त्याच्या आधीच गेली."

तानूबाई टेकाडाकडे बघत राहिली. तिथून मोहल्ल्यातली घरं दिसत नाहीत, फक्त मशिदीचा मिनार दिसतो.

"पन खानार व्हती ना?"

"हो," हरिदास म्हणाला. "खाणार होती."

म्हातारीने मान हलवली, मग माझ्याकडे वळून विचारलं, "मुख्तार, तू च्या घेशील आमच्याकडं?"

मी पायरीवर तिच्या शेजारी बसलो.